घर पाहायला आलेल्या बाई

आमच्या आजोबांचे दत्तकपत्र अद्याप घरच्या सागवानी पेटीत आहे. वंश चालावा व पितरांस पिंडोदक मिळावे म्हणून भाऊबंदांतील सहा वर्षांचा मुलगा यथाशास्त्र दत्तहोम करून घेतला, एवढी नोंद त्या मुद्रांकित कागदावर असून, त्या सहा वर्षांच्या मुलास काय वाटले असेल याविषयी त्यात अक्षरही नाही. याच कागदाचा संस्कार असेल, परंतु आम्ही उभयतांनी मूल दत्तक घेण्याचे ठरविले तेव्हा हे काम मुख्यतः दस्तऐवजाचे, आणि म्हणून पहिली मसलत घ्यावयाची ती वकिलाची, असे मी धरून चाललो.

त्या वकिलांनी पहिल्या पाच मिनिटांत मुलगा हवा की मुलगी आणि वर्ण कसा हवा हे विचारले. एका प्रसूतिगृहाशी आपली ओळख असल्याचे सांगितले आणि खर्चाची तजवीज ठेवण्यास सुचविले. हिंदूंमध्ये परस्पर दत्तविधानास मुभा देणाऱ्या 1956 च्या कायद्याचेच सतरावे कलम दत्तकासाठी पैसा देणे-घेणे निषिद्ध ठरविते, ही गोष्ट त्यांना अवगत नसेल असे मला वाटत नाही. मला अधिक लागले ते हे, की आम्ही कोण, कसे, मूल का मागतो, याची एका शब्दानेही त्यांनी शहानिशा केली नाही. पत्नी उठली, तिच्यामागे मीही उठलो.

पुढे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे रीतसर नोंदणी केली. अर्जदाराला मूल निवडता येत नाही आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या घराची पाहणी कोणत्या संस्थेकडून व्हावी हे त्याला ठरविता येते. त्यासाठी पुण्यातील दोन-तीन संस्थांत आम्ही जाऊन बसलो. मूल घरी आणल्यानंतर अडचण आली तर कोणाकडे जावे, हा आमचा एकच प्रश्न होता. एका ठिकाणच्या समाजसेविका बाई म्हणाल्या, "इथंच या. पण त्याआधी आमच्या पालकांच्या बैठकीत एकदा मागं बसून ऐका." दत्तक मुले वाढविणाऱ्या आईबापांच्या मुखातून, त्यांच्या आनंदाइतकीच त्यांची जागरणे आणि शंकाही जेथे मोकळेपणाने ऐकावयास मिळाल्या, ती संस्था आम्ही निवडली.

बाई घरी आल्या त्या दिवशी पत्नीने आदल्या रात्रीपासून घर लख्ख केले होते. त्यांनी दिवाणखान्याकडे फारसे पाहिले नाही. सज्जात जाऊन कठड्याच्या दोन गजांमधील अंतर त्यांनी आपल्या मुठीने अजमावले आणि मूठ आरपार गेली तेव्हा वहीत काही लिहिले. आमची जबानी त्यांनी स्वतंत्र घेतली, नंतर माझ्या आईजवळ चटईवर बसून विचारले, "आजी, शेजारच्या कुणी म्हटलं, हे कुणाचं रक्त, तर काय सांगाल?" आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझे सासरेही दत्तकच होते, बाई. आम्हाला कुणी कधी विचारलं नाही." त्यावर बाई हळूच म्हणाल्या, "लोकांनी नाही विचारलं, तरी मूल विचारील हो. त्याला लहानपणापासून सांगायचं." त्या वाक्यासरशी आजोबांचे दत्तकपत्र मला निराळेच दिसू लागले. घरासाठी मूल शोधण्याची ती जुनी रीत होती. समोर बसलेल्या या बाई मुलासाठी घर शोधीत होत्या.

निघताना त्यांनी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. मुलाची माहिती आली की पसंती कळविण्यास अवघे 48 तास मिळतात. तेव्हा त्या मुदतीत डॉक्टरांच्या शोधात धावाधाव करण्यापेक्षा वैद्यकीय अहवाल वाचून देणारे बालरोगतज्ज्ञ आजच ठरवून ठेवावेत. दीर्घ प्रतीक्षेनंतर चौदा महिन्यांच्या मुलीचा अहवाल आला तेव्हा या सल्ल्याचे मोल कळले. डॉक्टरांनी जन्माचे वजन, डोक्याचा घेर आणि रक्ताच्या तपासण्या ओळीने वाचल्या, डोक्याच्या घेराचे जुने-नवे आकडे पुन्हा ताडून पाहिले, आणि कागदावरून काय सांगता येते व काय येत नाही, हे दोन्ही स्पष्ट सांगितले. "मुलगी निरोगी आहे" असे ठोकून दिले असते तर आम्हाला क्षणभर बरे वाटले असते. विश्वास मात्र बसला तो त्यांनी आखलेल्या त्या मर्यादेमुळेच.

सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तो आमच्या हाती आला आणि पेटीत ठेवला गेला. परंतु बाईंचे काम तेवढ्याने संपत नाही. दोन वर्षेपर्यंत दर सहा महिन्यांनी त्यांनी येऊन मुलीची खबर घ्यावयाची असते. पहिल्या खेपेस त्या आल्या तेव्हा मुलगी अनोळखी माणूस पाहून माझ्या आईच्या पदराआड गेली, आणि आई ओशाळून तिला पुढे ढकलू लागताच बाईंनी हातानेच थांबविले. "राहू द्या, आजी. तुमच्याआड लपते, हेच मला पाहायचं होतं." मग त्या उठून सज्जात गेल्या आणि नव्या जाळीत त्यांनी आपली मूठ घालून पाहिली.