पिक्सार सिद्धान्त

पिक्सार सिद्धान्त हे पिक्सार ॲनिमेशन स्टुडिओज या अमेरिकी संस्थेचे स्वतंत्र चित्रपट एकाच कथाविश्वात आणि एकाच कालपटावर घडतात, असे मानणारे चाहत्यांचे गृहीतक आहे. अमेरिकी लेखक जॉन नेग्रोनी यांनी जुलै २०१३ मध्ये एका दीर्घ निबंधातून ते सविस्तर मांडले. पुढे २०१५ मध्ये त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिले. या गृहीतकानुसार मध्ययुगीन स्कॉटलंडपासून पृथ्वीवरून माणूस नाहीसा झाल्यानंतरच्या दूरच्या भविष्यापर्यंत माणसे, प्राणी आणि यंत्रे यांच्यातील सत्तासंघर्षाची एकच कथा पिक्सारच्या चित्रपटांतून तुकड्या-तुकड्यांनी सांगितली गेली आहे. पिक्सारने असा एकसंध कालक्रम अधिकृतपणे स्वीकारलेला नाही. तरीही चाहत्यांच्या सिद्धान्तांचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणून याचा उल्लेख होतो.

संज्ञा

'चाहत्यांचा सिद्धान्त' या संज्ञेतील 'सिद्धान्त' हा शब्द विज्ञानातील अर्थाने वापरलेला नसतो. एखाद्या कलाकृतीत स्पष्टपणे न सांगितलेली गोष्ट त्याच कलाकृतीतील खुणांच्या आधारे सुचवणारा तर्क, एवढाच तिचा अर्थ आहे. 'क्रॉसओव्हर' म्हणजे दोन स्वतंत्र कथांमधील पात्रांची एकाच कथेत भेट घडवणे. क्रॉसओव्हर निर्माते स्वतः करतात किंवा चाहते आपल्या कल्पनेने रचतात. याउलट चाहत्यांचा सिद्धान्त नवी कथा रचत नाही. उपलब्ध कथांमध्ये आधीपासूनच संबंध आहे, असा त्याचा दावा असतो.

पूर्वपीठिका

काल्पनिक कथेला इतिहासाचे दस्तऐवज मानून तिच्यातील तारखा व विसंगती तपासण्याची परंपरा चित्रपटांपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर निबंध वाचला. धर्मग्रंथांच्या चिकित्सेची पद्धत त्यांनी त्यात विनोदाने या रहस्यकथांना लावली होती. त्यातून होम्सच्या कथांना 'खऱ्या' घटना मानून त्यांचे अर्थ लावण्याचा खेळ रूढ झाला.

दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात 'सेंट एल्सव्हेअर' या अमेरिकी मालिकेच्या १९८८ मधील शेवटच्या भागाने अशाच तर्काला जन्म दिला. मालिकेतील रुग्णालय हे टॉमी वेस्टफॉल या मुलाच्या कल्पनेतील असावे, असे त्या भागाच्या अखेरीस सूचित होते. या मालिकेतील पात्रे इतर मालिकांतही दिसली असल्याने त्या मालिका, आणि त्यांच्याशी जोडलेल्या आणखी मालिका, याच मुलाच्या मनात घडतात असा निष्कर्ष चाहत्यांनी काढला.

पिक्सारच्या चित्रपटांत असे दुवे शोधण्यास अनुकूल सामग्री सुरुवातीपासून होती. संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे 'टॉय स्टोरी' (१९९५). त्यातील अँडीच्या खोलीतील पुस्तकांवर पिक्सारच्या आधीच्या लघुपटांची नावे आहेत. नेग्रोनी यांना मूळ कल्पना २०१२ मधील एका विनोदी चित्रफितीवरून सुचली. तीत पिक्सारचे चित्रपट परस्परांशी जोडलेले असल्याची कल्पना मांडली होती.

सिद्धान्ताची मांडणी

मूळ निबंधातील कालक्रम 'ब्रेव्ह' (२०१२) या चित्रपटापासून सुरू होतो. त्यातील चेटकिणीच्या जादूने राणीचे अस्वल होते, कावळा बोलतो आणि झाडू आपोआप हलतात. प्राण्यांमध्ये आणि निर्जीव वस्तूंमध्ये माणसासारखी जाणीव येण्याचा आरंभ येथून झाला, असे नेग्रोनी मानतात.

पुढचा टप्पा 'द इनक्रेडिबल्स' (२००४) हा आहे. त्यातील सिंड्रोम हा खलनायक स्वतः शिकणारा यंत्रमानव बनवतो व शून्यबिंदू ऊर्जेचा वापर करतो. या तंत्रज्ञानातून यंत्रांची आणि वस्तूंची बुद्धी वाढली, असा तर्क केला जातो. 'टॉय स्टोरी' मालिकेतील खेळणी माणसांच्या प्रेमावर जगतात, म्हणजेच माणसाची भावना ही वस्तूंची ऊर्जा आहे, हे या मांडणीतील मध्यवर्ती सूत्र आहे.

प्राण्यांची बाजू 'फाइंडिंग निमो' (२००३), 'रॅटाटूई' (२००७) आणि 'अप' (२००९) या चित्रपटांतून पुढे सरकते. स्वयंपाक करणारा उंदीर आणि गळपट्ट्याच्या साहाय्याने मनातले बोलून दाखवणारे कुत्रे ही प्राण्यांच्या वाढत्या बुद्धीची उदाहरणे मानली जातात.

'वॉल-ई' (२००८) या विज्ञानपटात 'बाय एन लार्ज' या महाकाय कंपनीच्या राजवटीत पृथ्वी कचऱ्याने भरून जाते आणि माणसे अंतराळयानांतून निघून जातात. कथा त्यानंतर सुमारे ७०० वर्षांनी घडते. माणसांच्या या अनुपस्थितीच्या काळात पृथ्वीवर केवळ यंत्रे उरली, आणि 'कार्स' (२००६) व 'कार्स २' (२०११) हे माणूस नसलेले जग त्याच काळातील आहे, असे हा सिद्धान्त सांगतो. 'वॉल-ई'च्या शेवटी बुटात लावलेले रोप वाढून मोठा वृक्ष होतो. त्या वृक्षाचे 'अ बग्ज लाइफ' (१९९८) मधील झाडाशी असलेले साम्य दाखवून कीटकांची ती कथा पुनर्वसनानंतरच्या काळात ठेवली जाते.

कालपटाच्या शेवटी 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' (२०१३) आणि 'मॉन्स्टर्स, इंक.' (२००१) हे चित्रपट येतात. त्यांतील विचित्र प्राणी म्हणजे उत्क्रांत झालेले पशू होत. ते ज्या दारांतून मुलांच्या खोल्यांत जातात ती दारे प्रत्यक्षात भूतकाळात उघडतात आणि मानवी ऊर्जा मिळवण्यासाठीच हा प्रवास होतो, असे मानले जाते. या चित्रपटातील बू नावाची लहान मुलगी मोठेपणी आपल्या मित्राचा, सलीचा, शोध घेत दारांतून काळात मागे जाते आणि 'ब्रेव्ह'मधील चेटकीण बनते, हा सिद्धान्ताचा सर्वाधिक गाजलेला निष्कर्ष आहे. चेटकिणीच्या घरात सलीसारखे दिसणारे लाकडी कोरीव काम आहे आणि तिच्या दारातून आत गेल्यावर कधी कार्यशाळा, तर कधी रिकामी झोपडी दिसते, हे त्याचे मुख्य आधार आहेत. अशा रीतीने शेवट आरंभाला येऊन मिळतो आणि कालपट वर्तुळाकार होतो.

पुरावे व त्यांचे स्वरूप

सिद्धान्ताच्या समर्थनार्थ दिले जाणारे बहुतेक पुरावे चित्रपटांत खरोखरच आहेत. 'फाइंडिंग निमो'मध्ये दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात बझ लाइटइयर हे खेळणे पडलेले दिसते आणि एक मुलगा मिस्टर इनक्रेडिबलचे चित्रकथा-पुस्तक वाचत असतो. 'टॉय स्टोरी ३' (२०१०) मध्ये अँडीच्या खोलीत 'अप'मधील कार्ल व एली या दांपत्याचे नाव असलेले पोस्टकार्ड आहे, तर बझच्या बॅटऱ्यांवर 'बाय एन लार्ज'चे नाव आहे. 'मॉन्स्टर्स, इंक.'मध्ये बू सलीला जेसी ही बाहुली आणि निमोसारखा खेळण्यातला मासा देते. 'फाइंडिंग निमो' त्यानंतर दोन वर्षांनी प्रदर्शित झाला.

मतभेद आहे तो या खुणांच्या अर्थाविषयी. प्रेक्षकांसाठी दडवलेल्या अशा गमतींना 'ईस्टर एग' म्हणतात. आगामी चित्रपटाची चुणूक देणे, सहकाऱ्यांना मानवंदना देणे आणि तयार असलेली संगणकीय प्रतिकृती पुन्हा वापरणे ही त्यांची सामान्य कारणे आहेत. 'गेरीज गेम' (१९९७) या लघुपटातील म्हातारा 'टॉय स्टोरी २' (१९९९) मध्ये खेळणी दुरुस्त करणारा म्हणून येतो, हे पुनर्वापराचे उदाहरण आहे.

'ए११३' ही खूण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. पिक्सारच्या अनेक चित्रपटांत ती वाहनाच्या क्रमांकावर, दारावर किंवा, 'वॉल-ई'प्रमाणे, गुप्त आदेशाच्या नावात आढळते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स या संस्थेतील ज्या वर्गखोलीत जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड आदी शिकले, तिचा हा क्रमांक होय. ब्रॅड बर्ड यांनी पिक्सारबाहेर दिग्दर्शित केलेल्या 'द आयर्न जायंट' (१९९९) या विज्ञानपटातही ती आहे. केवळ समान खुणेवरून समान कथाविश्व सिद्ध होत असेल, तर हा वॉर्नर ब्रदर्सचा चित्रपटही पिक्सारच्या कालपटात घ्यावा लागेल. या खुणेवरून निर्माते एकाच वर्गात शिकले एवढे निश्चित कळते. पात्रे एकाच जगात राहतात, हा त्यापुढचा, वेगळा दावा आहे.

निर्मात्यांची भूमिका

जानेवारी २०१७ मध्ये डिस्नेच्या 'टॉय स्टोरी' पृष्ठावरून एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. पिक्सारच्या चित्रपटांतील परस्पर-उल्लेख तीत एकापाठोपाठ एक दाखवले होते. काही प्रसारमाध्यमांनी तिला सिद्धान्ताची पुष्टी मानले. मात्र चित्रफितीत दडवलेल्या वस्तूंखेरीज कालक्रम, बू आणि चेटकीण यांची एकरूपता किंवा यंत्रांचा संघर्ष यांविषयी काही नव्हते.

'कार्स'च्या जगाविषयी पिक्सारचे जे वॉर्ड यांनी २०१७ मध्ये स्वतःची एक कल्पना सांगितली होती. चालकाची गरज संपल्यावर मोटारींनी आपल्या शेवटच्या चालकाचे व्यक्तिमत्त्व धारण केले असावे, अशी ती कल्पना होती. ती नेग्रोनी यांच्या मांडणीहून वेगळी आहे आणि चित्रपटाच्या कथेत तिचा उल्लेख नाही.

नंतरचे चित्रपट

कोणत्याही गृहीतकाची कसोटी नव्या माहितीवर लागते. 'द गुड डायनासोर' (२०१५) मध्ये साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लघुग्रह पृथ्वीला चुकवून जातो आणि डायनासोर नामशेष होत नाहीत. नेग्रोनी यांनी हा चित्रपट कालपटाच्या आरंभी नेऊन ठेवला आणि पुढील कथांशी त्याची सांगड घातली.

'लाइटइयर' (२०२२) ने निराळी अडचण निर्माण केली. अँडीने १९९५ मध्ये पाहिलेला आवडता चित्रपट तो हाच, असे आरंभीच सांगितले आहे. म्हणजे 'टॉय स्टोरी'च्या जगात ही अंतराळकथा निव्वळ कल्पित ठरते. असाच पेच 'कार्स'च्या अखेरीस आधीच होता. तेथे मोटारी 'टॉय स्टोरी', 'मॉन्स्टर्स, इंक.' आणि 'अ बग्ज लाइफ' यांच्या मोटारींनी अभिनय केलेल्या आवृत्त्या पाहतात, आणि मॅक हा ट्रक सर्वांत एकच अभिनेता वापरल्याची तक्रार करतो. मॅकला आवाज देणारे जॉन रॅट्झेनबर्गर यांनीच त्या तिन्ही चित्रपटांत आवाज दिला होता.

टीका

सिद्धान्तावरील पहिला आक्षेप तार्किक आहे. प्रत्येक विसंगतीला नवे स्पष्टीकरण जोडता येत असेल, तर तो चुकीचा ठरण्याचा मार्गच उरत नाही. चित्रकथेतील मिस्टर इनक्रेडिबल हा त्या जगात काल्पनिक असल्याचा पुरावा मानता येतो. समर्थक मात्र त्याला प्रसिद्ध व्यक्तीवरील पुस्तक मानतात. दोन्ही अर्थ शक्य असलेली वस्तू कोणत्याही बाजूचा निर्णायक पुरावा ठरत नाही. तसेच जुळणाऱ्या खुणा मोजल्या जातात आणि न जुळणाऱ्या गाळल्या जातात, हा निवडीचा दोषही दाखवला जातो.

दुसरा आक्षेप आशयाविषयी आहे. 'वॉल-ई'मध्ये पृथ्वीच्या ऱ्हासाची जबाबदारी माणसाच्या अतिउपभोगावर आणि बेपर्वाईवर आहे. सिद्धान्तानुसार 'बाय एन लार्ज'मागे यंत्रांचा हात मानला, की ही जबाबदारी माणसावरून सरकते आणि चित्रपटातील इशारा सौम्य होतो. त्याचप्रमाणे बू चेटकीण झाली असे मानल्यास 'मॉन्स्टर्स, इंक.'चा आशादायक शेवट आयुष्यभराच्या निष्फळ शोधाची सुरुवात ठरतो. जोडणीमुळे चित्रपटांना नवा अर्थ मिळतो, तसा मूळ अर्थ झाकलाही जाऊ शकतो.

तत्सम उदाहरणे

'द जेटसन्स मीट द फ्लिंटस्टोन्स' (१९८७) या दूरचित्रवाणीपटात भविष्यकाळातील जेटसन कुटुंब कालयंत्रातून अश्मयुगात पोहोचते. हा हॅना-बार्बेरा या निर्मितीसंस्थेने स्वतः केलेला क्रॉसओव्हर आहे. दोन्ही कुटुंबे वास्तविक एकाच काळात, एक आकाशात आणि दुसरे उद्ध्वस्त भूमीवर राहते, हा मात्र चाहत्यांचा सिद्धान्त आहे.

'टारझन' (१९९९) आणि 'फ्रोझन' (२०१३) यांचे सहदिग्दर्शक ख्रिस बक यांनी २०१५ मध्ये टारझन हा ॲना व एल्सा यांचा भाऊ असल्याची आपली वैयक्तिक कल्पना सांगितली होती. 'फ्रोझन २' (२०१९) मध्ये या बहिणींच्या आईवडिलांच्या जहाजाविषयी दिलेली माहिती तिच्याशी जुळत नाही. दिग्दर्शकाने बोलून दाखवलेली कल्पनाही चित्रपटाच्या कथेचा भाग ठरतेच असे नाही, हे यावरून दिसते.

महत्त्व

फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या हेतूपेक्षा वाचकाच्या अर्थनिर्मितीला महत्त्व देणारा विचार मांडला. चाहत्यांचे सिद्धान्त या विचाराशी अंशतः जुळतात, कारण त्यांत प्रेक्षकच अर्थ घडवतो. मात्र अनेक चाहते अखेरीस निर्मात्यांच्या पुष्टीची अपेक्षा ठेवतात. या ठिकाणी ते त्या विचारापासून दूर जातात. पिक्सार सिद्धान्तामुळे प्रेक्षक चित्रपट बारकाईने पाहू लागले आणि पार्श्वभूमीतील तपशिलांची व्यापक नोंद झाली, हे त्याचे योगदान मानले जाते. निरीक्षण, अनुमान आणि अधिकृत कथा यांतील सीमा कोठे आखावी, हा प्रश्न समजावून घेण्यासाठीही तो उपयुक्त उदाहरण ठरतो.