शाळकरी मुलांनी टिपलेला चंद्र : 'मूनकॅम'

मोहीम : नासाची 'ग्रेल'. १० सप्टेंबर २०११ रोजी केप कॅनाव्हरलहून जुळी याने एकाच रॉकेटवर रवाना. ३१ डिसेंबर २०११ आणि १ जानेवारी २०१२ रोजी चंद्रकक्षेत.

दोन कामे, दोन साधने : चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाचा नकाशा तयार झाला तो दोन यानांमधील अंतरात होणारे सूक्ष्म बदल रेडिओ लहरींनी मोजून. यानांवरील 'मूनकॅम' कॅमेऱ्यांचा या मोजणीशी संबंध नव्हता. ते केवळ शिक्षणासाठी बसवले होते. ग्रहविज्ञान मोहिमेत पूर्णपणे शिक्षणासाठी राखलेले उपकरण पाठवण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून 'मूनकॅम'चे महत्त्व.

'मूनकॅम'च्या सूत्रधार : सॅली राइड. १९८३ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकी महिला. २३ जुलै २०१२ रोजी, मोहीम चालू असतानाच, त्यांचे निधन झाले.

कसे चाले :
• मुख्य भर पाचवी ते आठवीच्या वर्गांवर.
• मुले चंद्राच्या नकाशांवरून ठिकाण निवडत. शिक्षकांमार्फत मागणी नोंदवली जाई.
• सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले विद्यार्थी कॅमेऱ्यांचे नियंत्रण सांभाळत.
• एकूण छायाचित्रे : एक लाखाहून अधिक.

यानांची नावे : 'एब' (ओहोटी) आणि 'फ्लो' (भरती). निबंधस्पर्धेत अमेरिकेतील सुमारे ९०० वर्ग उतरले. माँटाना राज्यातील बोझमन गावच्या चौथीच्या वर्गाची नावे निवडली गेली. बक्षीस म्हणून पहिली छायाचित्रे मागण्याचा मानही त्याच वर्गाला.

शेवट : १७ डिसेंबर २०१२ रोजी इंधन संपत आल्याने दोन्ही याने चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळील एका डोंगरावर आदळवण्यात आली. त्या जागेला सॅली राइड यांचे नाव दिले आहे.