जिमची फी महिन्याच्या महिन्याला, आपोआप

आजचा भाग जिमवाल्यांसाठी. जानेवारीत वर्षाची फी एकदम घ्यायची आणि मार्चमध्ये ट्रेडमिल रिकामी, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पैसे आधीच मिळालेत, त्यामुळे मालकही निवांत. पण तो मेंबर पुढच्या वर्षी परत येईल का?

पर्याय आहे यूपीआय ऑटोपे. एनपीसीआयने २०२० मध्ये आणलं. मेंबर एकदाच पिन टाकून मँडेट, म्हणजे परवानगी देतो. मग दर महिन्याला फी आपोआप कट होते. १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा पिन लागत नाही. "दादा, फी राहिलीये" म्हणत मागे लागणं बंद.

मी कोड लिहिणारा माणूस, मला यातली दुसरी बाजू जास्त आवडते. पैसे कट होण्याच्या किमान २४ तास आधी मेंबरला मेसेज जातो, आणि मँडेट तो स्वतःच्या ॲपमधून कधीही रद्द करू शकतो. तुम्हाला न विचारता! म्हणजे दर महिन्याला तुमची परीक्षा. म्हणून हजेरीच्या मशीनचा डेटा बघा (तो कोणी बघतच नाही). कोणी आठ-दहा दिवस आलं नाही, तर तो मेसेज जायच्या आधी तुमचा फोन जाऊ द्या. आणि हो, खात्यात पैसे नसतील तर पेमेंट फेल होतं. तेव्हा लगेच दारात अडवू नका, दोन दिवस द्या.