मूळचे कुठले?

महाराष्ट्रात दोन अनोळखी माणसे भेटली की बोलण्याचा पहिला धागा गावाचा असतो. एसटीच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत ‘गाव कोणतं?’ हे ठरलेलेच. त्या गावातला एखादा ओळखीचा निघतो, कधी दूरचे नातेही निघते आणि बोलणे पुढे सरकते. कित्येकांच्या तर आडनावातच गाव असते. होळ गावाचे ते होळकर. बहुतेकांना हा प्रश्न जिव्हाळ्याचाच वाटतो.

काही लोकांना मात्र तो दोनदा विचारला जातो. त्यांनी सांगितलेल्या गावाने समोरच्याचे समाधान होत नाही. ‘ते झालं, पण तुम्ही मूळचे कुठले?’ असा दुसरा प्रश्न येतो आणि त्यात उत्तरही गृहीत धरलेले असते: इथले नाही. हा अनुभव जगभरच्या अल्पसंख्य समाजांना ओळखीचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यातील एका समारंभात ब्रिटनमध्येच जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय सामाजिक कार्यकर्तीला राजघराण्याच्या मानकरी बाईंनी हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. शेवटी त्या बाईंना माफी मागून पद सोडावे लागले. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरमध्ये, हाच प्रश्न पारधी, कैकाडी, वडार, वैदू, तिरमली, गोपाळ अशा भटक्या आणि विमुक्त समाजांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आला आहे. इथे विचारणाऱ्याला पद सोडावे लागत नाही. उत्तर देणाऱ्यालाच बहुधा पाल उचलावे लागते.

‘इथला कोण आणि बाहेरचा कोण’ हा वाद नगरला नवा नाही. या शहराचा पाया पंधराव्या शतकाच्या अखेरीस घालणारा अहमद निजामशहा याचे वडील पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले होते, असे जुने इतिहासकार सांगतात. निजामशाही दरबारात ‘दख्खनी’ आणि ‘आफाकी’ असे दोन तट होते. आफाकी म्हणजे इराण आणि मध्य आशियातून आलेले सरदार, विद्वान, व्यापारी. १५८९ मध्ये या वैरातून अहमदनगरात आफाकींची कत्तल झाली आणि इतिहासकार फिरिश्ता याने त्याच सुमारास नगर सोडून विजापूरचा आश्रय घेतला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले हबशी मात्र बहुधा दख्खनी बाजूला मोजले जात. त्यांच्यातलाच मलिक अंबर, इथिओपियात जन्मून अनेक हातांनी विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांशी झुंजत राहिला. कोण इथला हे जन्मस्थानावरून ठरत नव्हते. ते ठरवत होते दरबारातले पक्ष आणि तलवारीचे बळ.

भटक्यांच्या हाती यांतले काहीच नव्हते. गावगाड्यात बलुतेदार आणि अलुतेदार गावाचे. फिरस्ता मात्र पाहुणा, तोही हंगामापुरता. कैकाडी टोपल्या-कणग्या विणत, वडार दगड फोडत आणि विहिरी खणत, वैदू झाडपाल्याचे औषध देत, गोपाळ कसरती करत, तिरमली नंदीबैल घेऊन दारोदार जात, पारधी शिकार करत आणि पिकांची राखण करत. गावाला त्यांचे काम हवे असे. काम संपले की मुक्काम हलवायचा, हा अलिखित करार होता. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. एका अंगाला बीड आणि सोलापूर, दुसऱ्या अंगाला नाशिक आणि पुणे. फिरणाऱ्या कुटुंबांच्या वाटा या सगळ्या सीमा ओलांडून जात. त्यामुळे ‘तुमचे गाव कोणते’ याला त्यांच्याकडे एक नाव नव्हते, पण वर्षभराच्या मुक्कामांची साखळी मात्र पाठ होती.

इंग्रजी राज्याने या फिरण्याचाच गुन्हा केला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. जमात एकदा ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नावे नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी घ्यायची, हद्द सोडायची तर परवाना मागायचा. अनेक कुटुंबांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत ठेवले गेले. नगरला लागून असलेल्या सोलापूरची वसाहत त्यांत मोठी होती. तिथल्या माणसांनी कापडगिरण्यांत मजुरी केली. या जमातींची नोंद सरकारने बारकाईने ठेवली, पण ती गुन्हेगार म्हणून. गावकरी म्हणून त्यांचे नाव कुठल्याच दप्तरात चढले नाही, आणि आजच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. ‘विमुक्त’ हे नाव त्यानंतरचे, आणि या समाजांत ३१ ऑगस्ट हा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि जुनी नजर नव्या कागदावर टिकली. त्याच वर्षीच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर खेळ करून, गाऊन पैसे मागणेही भिकेत धरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली. वन्यजीव वाचवणे योग्यच होते. पण पारध्याच्या हातातला फासा काढून घेताना दुसरे काही हातात दिले गेले नाही. काम बंद झाले की पाहुण्याची गरजही संपते, आणि ‘कुठले?’ या प्रश्नाचा सूर बदलतो.

कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर या तालुक्यांत गावाबाहेर, गायरानाच्या कडेला किंवा माळावर पारध्यांची घरे दिसतात. त्यांची आडनावे भोसले, पवार, चव्हाण, काळे, शिंदे. आडनावावरून काही कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्न येतो. घरात ते जी भाषा बोलतात ती गुजराती-राजस्थानीच्या जवळची. कैकाड्यांची बोली तमिळशी नाते सांगते, वडारांची तेलुगूशी. या भाषा म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या प्रवासाच्या खुणा आहेत; नागरिकत्वाचा पुरावा त्यातून निघत नाही. तरी चावडीवर, शाळेत, ठाण्यात मुलाच्या तोंडून घरचा शब्द निघाला की तो परका ठरतो. म्हणून अनेक आईबाप मुलांशी मुद्दाम मराठीतच बोलू लागले आहेत.

गंमत नव्हे, क्रूरता अशी की सरकारी कचेरीत याच्या उलट मागणी होते. जातीचा दाखला काढायचा तर विमुक्त आणि भटक्या जमातींच्या अर्जदाराला आपले कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावे लागते; अनुसूचित जमातीसाठी ती तारीख ६ सप्टेंबर १९५०. पुरावा म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुकातला उतारा चालतो. पण जो आजोबा शाळेत गेलाच नाही आणि दोन गावांच्या मधल्या माळावर जन्मला, त्याची नोंद कोणत्या बुकात सापडणार? त्यात फासेपारधी अनुसूचित जमातींत, तर राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींत. एकमेकांचे शेजारी दोन वेगळ्या तारखांचे, दोन वेगळ्या याद्यांचे.

दाखला मिळाला तरी पडताळणी उरते. अनुसूचित जमातीच्या दाव्यात पडताळणी समिती दक्षता पथकाकडून चौकशी करवते आणि जमातीशी आप्तभाव तपासते: कुलदैवत कोणते, लग्नाच्या रीती काय, मयताचे विधी कसे, बोलीतले शब्द कोणते, मूळ ठिकाण कुठले. गाव म्हणते, तुमचे वेगळेपण सोडा, मग आम्ही तुम्हाला आमचे मानू. समिती म्हणते, वेगळेपण दाखवा, मग आम्ही तुम्हाला खरे मानू. वसतिगृहात वाढलेल्या, मराठीत शिकलेल्या मुलीने यांतल्या कुणाचे ऐकावे? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नाही असे स्पष्ट केले, हे बरे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतील जातिभेदावर निकाल देताना त्याच न्यायालयाने विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या नियमांवरही बोट ठेवले.

उत्तरावर विश्वास न ठेवण्याची किंमत किती असू शकते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे दिसले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पकडले आणि ठेचून मारले. ती माणसे परकी नव्हती, मराठीच बोलत होती. त्यांचे गाव खरे होते, पण ते खरे मानायला तिथे कुणी तयार नव्हते. तेव्हापासून भिक्षेकरी समाजांतले अनेक जण नव्या गावात शिरण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःची नोंद करतात, ओळखपत्रे गळ्यात घालून फिरतात. हजेरीची सक्ती कायद्यातून गेली, तरी भीतीपोटी ती परत आली.

या प्रश्नाला निराळे उत्तर मिळते अशी एक जागाही आहे: अहिल्यानगर जिल्ह्याच्याच पाथर्डी तालुक्यातली मढी. नवनाथांपैकी कानिफनाथांची समाधी तिथे आहे आणि होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मोठी यात्रा भरते. रंगपंचमी हा मुख्य दिवस. राज्यभरातून आणि बाहेरूनही भटक्या समाजांची कुटुंबे येतात. इथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे, कारण गाढव हे माती, वीट, दगड आणि बिऱ्हाड वाहणाऱ्या समाजांचे धन. होळी पेटवण्याचा मान गोपाळ समाजाचा, कळसाला काठी लावण्याचा पहिला मान कैकाडी समाजाचा. समाधीचा गड बांधताना या लोकांनी दगड-पाणी वाहिले म्हणून हे मान मिळाले, असे सांगितले जाते. वर्षभर पांगलेले नातेवाईक इथे भेटत, सोयरिकी जुळत आणि जातपंचायतीही भरत. त्या पंचायतींचे निवाडे बायकांच्या बाबतीत अनेकदा निर्दय असत आणि त्यांना आळा घालणारा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्राने केला, तो योग्यच. पण यात्रेचे दुसरे महत्त्व विसरू नये. गाव नसलेल्या माणसांना ‘आम्ही मढीचे मानकरी’ असे उत्तर इथे मिळते, आणि ते कुणी खोटे ठरवत नाही.

या समाजांनी स्वतःचे उत्तर लिहूनही ठेवले आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले; दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ च्या सुमारास अहवाल दिले. दोन्ही आयोगांपुढे आलेली गाऱ्हाणी सारखीच होती: जागा नाही, दाखला नाही, नोंद नाही. महाराष्ट्राने यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेतून भटक्या-विमुक्त कुटुंबांना जागा आणि घर देण्याची तरतूद २०११ मध्ये केली. तिची मोठी अडचण जमिनीचीच आहे, कारण वसाहत गावाच्या हद्दीत हवी असते आणि गावाचा विरोध तिथेच सुरू होतो.

जुना कागद न मागता माणसाचा पत्ता ठरवणे शासनाला अशक्य नाही. मतदार यादीतल्या पत्त्यासाठी कायदा फक्त एवढे पाहतो की माणूस सर्वसाधारणपणे कुठे राहतो. बेघर माणसाने अर्ज केला तर निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार कर्मचारी एकाहून अधिक रात्री त्या जागी जाऊन तो तिथे झोपतो का ते पाहतो, आणि कागदोपत्री पुरावा नसला तरी त्याचे नाव यादीत घेता येते. जातीच्या दाखल्यासाठीही महसूल कर्मचाऱ्यांनी वस्तीवर जाऊन गृहचौकशी करावी, जुन्या माणसांचे आणि शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत आणि त्यावर दाखला द्यावा, ही तरतूद आहे. ती वापरायची तर तलाठ्याला माळावरच्या पालापर्यंत जावे लागते. आज बहुतेक वेळा पालातल्या माणसालाच तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला त्या दिवसाची मजुरी बुडते.