नावा, कुल्ल, संघाट : पालि वाङ्मयातील जलयानवाचक शब्द

पालि सुत्तांचा मराठीत अनुवाद करताना पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक साधनाला ‘नाव’ किंवा ‘नौका’ म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. मराठी वाक्य त्यामुळे सुबक होते. परंतु मूळ वचनातील भेद पुसला जातो, आणि काही ठिकाणी त्या भेदातच वचनाचा आशय असतो.

महापरिनिब्बान सुत्तातील पाटलिगामचा प्रसंग पाहावा. गंगा काठोकाठ भरली आहे आणि लोक पैलतीरी जाण्याच्या खटपटीत आहेत. कोणी ‘नावा’ शोधतात, कोणी ‘उळुंप’ शोधतात, तर कोणी ‘कुल्ल’ बांधतात. तीन शब्द आहेत, पण क्रियापदे दोनच. नावा व उळुंप शोधावे लागतात. कुल्ल मात्र बांधावा लागतो. अट्ठकथेने हा भेद अधिक स्पष्ट केला आहे. खिळे ठोकून केलेला तो उळुंप, आणि वेली इत्यादींनी बांधून केलेला तो कुल्ल. नावा म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता अट्ठकथाकारांना वाटली नाही, कारण ती सर्वांच्या परिचयाची होती.

आता मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्ताकडे वळू. तेथील वाटसरूपुढे मोठा जलौघ आहे. अलीकडचा तीर भयाचा, पलीकडचा निर्भय. मात्र उतरून नेणारी नावाही नाही आणि पूलही नाही. म्हणून तो गवत, काष्ठे, फांद्या, पाने गोळा करतो, कुल्ल बांधतो आणि हातापायांनी प्रयत्न करीत पार होतो. पार झाल्यावर हा कुल्ल डोक्यावर घेऊन चालणे योग्य काय, असा भगवंतांचा प्रश्न आहे. येथे कुल्लाला ‘नौका’ म्हटले, की जी नौका मुळात नव्हती तीच त्याने काठावर सोडली असा विपरीत अर्थ होतो! नावेला मालक असतो, नावाडी असतो, उताराचे पैसे असतात. (अवारिय जातकातील मूर्ख नावाडी तर उतारूंना आधी पलीकडे नेऊन मग पैशांसाठी भांडतो.) कुल्लाला यांपैकी काहीच नाही, ज्याला तरायचे आहे त्यानेच तो बांधावयाचा असतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तथागतांना मोक्षदाता नव्हे तर मार्गदाता म्हटले आहे. या उपमेत नावाडी का नाही हे त्यावरून सहज ध्यानात येते. मराठीत येथे ‘तराफा’ हाच शब्द योजावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नदीवरच्या नावेहून समुद्रावरची नावा निराळी. संयुत्त व अंगुत्तर या दोन्ही निकायांत वेताच्या बंधांनी बांधलेल्या ‘सामुद्दिका नावे’ची उपमा येते. ती पाण्यातून काढून हेमंतात किनाऱ्यावर ओढून ठेवतात. वारा आणि ऊन यांनी तिचे बंध झिजतात, पुढे पावसाने ते कुजून गळून पडतात. साधकाची बंधनेही अशीच नकळत क्षीण होतात. तत्कालीन जहाजाच्या फळ्या वेताने आवळलेल्या असत, ही माहिती त्या ओघातच मिळते.

अशा जहाजाच्या डोलकाठीला पालित ‘कूपक’, शिडाला ‘लकार’ किंवा ‘लंकार’ आणि मार्ग दाखविणाऱ्याला ‘नियामक’ म्हणतात. विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोष तीन नियामकांचे उदाहरण देतात. एक सोसाट्याच्या वाऱ्यात पूर्ण शीड उभारतो आणि जहाज भरकटू देतो. दुसरा मंद वाऱ्यातही शीड उतरवतो आणि जागच्या जागी राहतो. तिसरा मंद वाऱ्यात पूर्ण व जोराच्या वाऱ्यात अर्धे शीड ठेवून सुखरूप पोहोचतो. समाधीसाठी वीर्य किती लावावे हे सांगताना आचार्यांनी खलाशांचे रोजचे ज्ञान वापरले आहे.

सीलानिसंस जातकातील अद्भुत जहाजाला इंद्रनीलमण्यांचे तीन कूपक आहेत. रत्ने कल्पनेतील, पण तीन डोलकाठ्या कल्पनेतील नव्हेत. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे, उंच शिडांचे जहाज रंगविलेले आहे. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण याच्या अवदानाशी ते चित्र जोडले जाते. निकाय आणि हे चित्र यांच्यात अनेक शतकांचे अंतर आहे, म्हणून चित्रातील जहाज सुत्तांतील नावेवर जसेच्या तसे लादू नये.

राहिले दोन शब्द. ‘दोणि’ म्हणजे कोरून केलेली लाकडी होडी. पण तोच शब्द द्रोणासारख्या कुंडालाही लागतो. तथागतांचा देह ज्या तेलाच्या पात्रात ठेवला ती ‘तेलदोणि’ होती, होडी नव्हे. मराठी ‘डोणी’ याच कुळातील. दुसरा शब्द ‘संघाट’. जातकांत ‘नावासंघाट’ म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तमिळ किनाऱ्यावरील, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नौकांना ‘संगर’ म्हटले आहे. त्याचा संबंध अभ्यासक याच शब्दाशी जोडतात. टर्नर यांच्या तुलनात्मक कोशात मराठी ‘सांगड’ याचे मूळ ‘संघाट’ असेच दिले आहे. आपण ‘सांगड घालणे’ म्हणतो तेव्हा दोन होड्या एकत्र बांधण्याची क्रिया त्या शब्दात असते. आजच्या कोळ्याचे ‘सुकाणू’ अरबीतून आले, ‘नाखवा’ फारसीतून आला. ‘सांगड’ मात्र जातकांच्या काळापासून येथेच आहे.