भूक मेली तरी जेवणाची वेळ पाळा

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना संपली आणि वस्तीतल्या एक मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या. दरदरून घाम, हात थरथरत होते. सगळ्यांना वाटलं उकाड्यानं झालं. मी पिशवीतलं मशीन काढून साखर तपासली, तर 58. शुद्धीवर होत्या म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, सरळ 108 ला फोन करा.) पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग केळं आणि दूध दिलं. सकाळपासून काय खाल्लंत विचारलं, तर म्हणाल्या, "भूकच लागत नाही गं बाई. चहा आणि दोन टोस्ट."

त्यांना महिन्यापूर्वी डायबेटिससाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं होतं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही त्यातली नावं. ही औषधं जठर सावकाश रिकामं करतात आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर देतात. एकटी घेतली तर सहसा साखर धोक्याइतकी उतरत नाही. पण मावशींची जुनी ग्लिमेपिराइडची गोळी तशीच चालू होती. ती गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, साखर उतरवतच राहते. इन्शुलिनचंही तेच. म्हणून डॉक्टरांना सगळ्या जुन्या गोळ्या दाखवा आणि "जेवण निम्म्यावर आलंय, गोळी तेवढीच घ्यायची का?" असं स्पष्ट विचारा. ओपीडीच्या गर्दीत विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. मी टेबलाच्या त्या बाजूला बरीच वर्षं काढली आहेत. तरी विचाराच.

त्या दिवशी मावशींचा उपोसथही होता, दुपारी बारानंतर जेवायचं नव्हतं. अशी औषधं चालू असतील तर उपोसथाआधी डॉक्टरांशी बोला. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी-गूळ औषध म्हणून घ्यायची मुभा दिली होती. साखर उतरल्यावर गूळपाणी पिण्यानं शील मोडतं, असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

आता ताटाकडे येऊ. आपल्या घरात बाई शेवटी जेवते. अंडी, मटण, माशाचा तुकडा पोरांना आणि पुरुषांना; तिच्या वाट्याला भाकरी आणि रस्सा. भूक होती तोवर ती दोन भाकऱ्या खाऊन पोट तरी भरायची. आता अर्धी भाकरीच जाते, आणि तीही नुसत्या रश्श्याबरोबर. वजन उतरतं, शेजारणी कौतुक करतात, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जिना चढताना मांड्या थरथरायला लागल्या की समजा, प्रथिनं कमी पडताहेत.

60 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यात 7. दही, मटकी, हरभरे, पिठलं, मासे, कोंबडी, जे परवडेल ते. पण पहिला घास त्याचा, भाकरी मागून. सुकट-बोंबील उत्तमच, फक्त ब्लडप्रेशर असेल तर दोन-तीनदा धुऊन मीठ काढा. किडनीचा आजार असेल तर प्रथिनं किती खायची ते डॉक्टरच ठरवतील.

भूक लागायची वाट पाहू नका. घड्याळ बघून तीन-चार वेळा थोडं थोडं, सावकाश खा आणि पोट भरलं की थांबा. मळमळ होत असेल तर तळलेलं आणि तर्रीचं टाळा. पाणी जेवताना ढसाढसा नको, मधल्या वेळात प्या. नाहीतर बद्धकोष्ठ हमखास.

मेटफॉर्मिननंही काहींची भूक कमी होते. वर्षानुवर्षं ती गोळी घेणाऱ्यांचं बी-12 उतरू शकतं, तेव्हा मुंग्या येत असतील तर ते तपासून घ्या. अंडी, मासे, दूध, कलेजी यांतून ते मिळतं.

पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे जात असेल, उलट्या थांबत नसतील किंवा लघवी अगदी कमी झाली असेल, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि बारीक होण्यासाठी चिठ्ठीशिवाय हे इंजेक्शन कुणी देत असेल तर घेऊ नका. दिवस राहिलेल्या बाईसाठी तर ते नाहीच.

मावशींची ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी निम्मी केली. आता त्यांची सून सकाळी अकराला उकडलेलं अंडं समोर ठेवते आणि खाऊन होईपर्यंत उठत नाही.