यादी, खाट आणि कर्नेल

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती विंडोजच्या कर्नेलमध्ये होती. यादीतील नोंदी एकेक करून मोजताना आकाराचा हिशेब चुकत असे आणि राखून ठेवलेल्या जागेबाहेर मेमरीत मजकूर लिहिला जाई.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, हे तोच ठरवतो. यादीतील नोंदी क्रमाने हाती देणाऱ्या कोडला ‘इटरेटर’ म्हणतात. वॉर्डातील औषधांच्या राउंडसारखेच हे काम. सिस्टर यादीवर बोट ठेवून खाटेमागून खाट घेतात. पण मध्येच १२ नंबरच्या रुग्णाला डिस्चार्ज मिळाला आणि त्या खाटेवर नवा रुग्ण आला तर? जुन्या कागदावरून औषध दिले, तर ते भलत्याच माणसाच्या पोटात जाईल. कर्नेलमध्येही नोंद काढून टाकल्यावर तिच्या जुन्या जागेचा वापर होत राहिला, तर असाच घोळ होतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या त्यांच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापराच्या असतात.

लिनक्सचे कर्नेल मुख्यतः ‘सी’ भाषेत आहे. तिथे राउंड संपला तरी ‘बोट’ मागे उरत असे. पाहणाऱ्याला वाटे ते एखाद्या रुग्णावर आहे. प्रत्यक्षात ते यादीच्या शीर्षकावर असे. मे २०२२ च्या ५.१८ आवृत्तीपासून लिनक्सने ‘सी’चे १९८९ चे प्रमाण सोडून २०११ चे स्वीकारले. त्यामुळे हे बोट राउंडपुरतेच ठेवण्याची सोय झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ६.१ आवृत्तीत ‘रस्ट’ या भाषेला प्रवेश मिळाला. यादीवरून राउंड चालू असताना कोणी त्याच यादीत फेरफार करू लागले, तर रस्टचा कंपायलर तो प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही.

मग तपासणाऱ्या माणसाचे काम संपले का? नाही. कर्नेलला हार्डवेअरशी आणि जुन्या ‘सी’ कोडशी बोलावेच लागते. तिथे काही गोष्टींची खात्री कंपायलरला करता येत नाही. असा भाग ‘अनसेफ’ म्हणून वेगळा दाखवतात आणि तो सुरक्षित का आहे, हे त्याच्यावर ‘सेफ्टी’ या शीर्षकाखाली लिहितात. हे स्पष्टीकरण खरे की खोटे, हे कंपायलर पाहत नाही. ते माणसालाच वाचावे लागते. ही नोंद कोणाच्या मालकीची? राउंड संपेपर्यंत ती टिकेल याची हमी कोण देतो? दुसऱ्या प्रोसेसरने मध्येच ती काढू नये म्हणून कुलूप लावले आहे का? उत्तरे पटली, तरच तपासणारा ‘रिव्ह्यूड-बाय’ या ओळीत आपले नाव घालतो.

सहीपुरता केसपेपर चाळणे आणि तो वाचणे यात जेवढे अंतर, तेवढेच इथेही. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. अशी वाचून केलेली दुरुस्ती अपडेटच्या रूपाने येते, तेव्हा ती ‘नंतर’वर टाकू नये. वॉनाक्रायची फट बुजवणारा अपडेट मार्च २०१७ मध्येच, म्हणजे दोन महिने आधी उपलब्ध होता.